दिसण्यामागचे कष्ट

मराठीत इंद्रियांसाठी क्रियापदांच्या जोड्या आहेत. आपण पाहतो आणि आपल्याला दिसतं. आपण ऐकतो आणि आपल्याला ऐकू येतं. वास घेतला की वास येतो, चव घेतली की चव लागते, हात लावला की काहीतरी हाताला लागतं. जोडीतल्या पहिल्या क्रियापदाचा कर्ता ‘मी’ असतो. दुसऱ्यात तोच ‘मी’ ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि जग आपल्या पायांनी चालत येतं. मला पाऊस दिसला, मला भांड्यांचा आवाज ऐकू आला, मला फोडणीचा वास आला. पाहण्यात माझी काही खटपट आहे, दिसणं मात्र आयतं, असं आपलं व्याकरण सांगतं. हे पुस्तक त्या आयतेपणाबद्दल आहे. दिसण्याइतकं कष्टाचं काम शरीरात क्वचितच दुसरं चालत असेल, आणि ते इतकं मुकाट चालतं की भाषेलाही त्याचा पत्ता लागलेला नाही.

मला तो पत्ता आजीच्या मोतीबिंदूमुळे लागला. मी तेव्हा कॉलेजात होते. तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, आणि घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, “घर कधी रंगवलंत?” घर कुणीच रंगवलं नव्हतं. मग तिनं ट्रंकेतलं एक लुगडं काढायला लावलं. ते राखाडी समजून तिनं तळाशी टाकलं होतं. ते निळं निघालं. पुढचे कितीतरी दिवस ती एकदा हा डोळा झाकून, एकदा तो डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. पण आपलं जग पिवळं झालंय असं तिला कधीच वाटलं नव्हतं, कारण तिचं मन आतल्या आत हिशेब जुळवत राहिलं होतं. पांढऱ्याला पांढरंच म्हणायचं आणि बाकीचे रंग त्या मानानं सरकवून घ्यायचे. नव्या भिंगातून खरा निळा आत आला तेव्हा जुना हिशेब चुकला, आणि काही आठवडे तिला दुधाचं पातेलंसुद्धा निळसर दिसलं. मग तेही थांबलं. डोळा तोच, भिंग तेच, खोलीतला उजेडही तोच. फक्त हिशेब नव्यानं जुळला होता. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली. त्यानंतर रंग बिनसल्याची तक्रार त्यांनी बराच काळ केली आणि रंगीत काचांचे चष्मेही लावून पाहिले. ज्याचं आयुष्य रंगात गेलं त्याच्याही बाबतीत रंग ठरवण्याचं काम डोळ्यामागेच चालत होतं.

डोळा म्हणजे कॅमेरा, ही शाळेत शिकलेली उपमा इथंच अडते. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे मात्र साधारण दहा लाख. म्हणजे मेंदूपर्यंत पोचण्याआधी डोळ्यातच निवड होते, काटछाट होते, गोषवारा तयार होतो. त्यातही स्पष्ट दिसणारा भाग किती, तर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाच्या आसपास. बाकी सगळं पुसट. ही उणीव भरून काढायला डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीच्या वेळी दिसणं जवळजवळ बंद ठेवलं जातं. आरशासमोर उभं राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्या डोळ्याकडे बघा. डोळे हलताना दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट दिसतात. दिवसभरात असे हजारो छोटे अंधार आपल्या वाट्याला येतात, तरी समोरची खोली सलग, स्थिर आणि कानाकोपऱ्यापर्यंत रंगीत वाटते.

हे तुकडे जोडतो कोण आणि कशाच्या आधारावर? हर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या दृष्टिशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथात याचं उत्तर दिलं. आपल्याला जे दिसतं ते नकळत काढलेलं अनुमान असतं, असं त्याचं म्हणणं होतं. आत येणारा पुरावा तोकडा असतो. अनुभव त्याला पूर्ण करतो. पुढच्या शतकात मेंदूची अंतर्रचना उलगडत गेली तेव्हा या म्हणण्याला एक अनपेक्षित दुजोरा मिळाला. डोळ्याकडून आलेली खबर मेंदूच्या मधोमध असलेल्या एका ठाण्यावर थांबते आणि तिथून मागच्या बाजूला, दृष्टीचं काम चालतं तिथं, जाते. त्या ठाण्यावर डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या थोड्या, आणि मेंदूच्या वरच्या भागाकडून उलट खाली येणाऱ्या कितीतरी जास्त. बातमी येण्याआधी बातमीची अपेक्षा तिथं हजर असते.

आता खरा प्रश्न. ही अपेक्षा येते कुठून? जन्मजात असते की कमवावी लागते? तत्त्वज्ञांनी हा प्रश्न एका कल्पनेत बांधला होता, आणि त्या कल्पनेची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत जवळची वाटते.

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूनं १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्र लिहून विचारलं, की एखादा माणूस जन्मांध आहे, हातानं चाचपून तो गोल आणि घन ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली तर हात न लावता, नुसत्या नजरेनं, गोल कुठला आणि घन कुठला हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यूची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती. हे कळल्यापासून मला तो प्रश्न कोरडा वाटेनासा झाला आहे. लॉकनं तो आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला आणि ‘नाही’ असं उत्तर दिलं. नंतरची तीनशे वर्षं युरोपातल्या विचारवंतांनी त्यावर वाद घातला.

अधूनमधून खरी माणसं या वादात येत गेली. १७२८ मध्ये लंडनचा शल्यविशारद विल्यम चेसल्डन यानं तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. डोळे उघडल्यावर त्या मुलाला वाटलं, की जे जे दिसतंय ते सगळं आपल्या डोळ्यांना टेकलेलं आहे, जसं हाताला लागणारं कातडीला टेकलेलं असतं. अंतर ही गोष्टच त्याच्या नजरेत नव्हती. घरातली मांजर कुठली आणि कुत्रा कुठला हे त्याला बघून आठवेना आणि विचारायची लाज वाटे. शेवटी त्यानं मांजर उचलली, तिला नीट चाचपलं, मग तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तिलाच सांगितलं की आता मी तुला ओळखीन. हात डोळ्याला शिकवत होता.

याहून सविस्तर नोंद रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा इंग्लंडमधला एक माणूस दहा महिन्यांचा असताना अंध झाला आणि बावन्नाव्या वर्षी, बुबुळ बदलल्यावर, त्याला दिसू लागलं. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते त्यानं न शिकवता सांगितलं, कारण आयुष्यभर तो खिशातल्या घड्याळाचे काटे बोटांनी चाचपत आला होता. इंग्रजीतली मोठ्या लिपीची अक्षरं त्याला वाचता आली. ती अंधशाळेत लाकडावर कोरलेली चाचपून शिकला होता. छोट्या लिपीची अक्षरं मात्र डोळ्यांना मुळीच ओळखू येईनात. बसचं चित्र काढायला सांगितलं तर चाकं, खिडक्या, पायऱ्या सगळं आलं आणि पुढचा भाग राहिला. बसच्या तोंडाला त्यानं कधी हात लावला नव्हता. रुग्णालयाच्या उंच खिडकीतून खाली बघून त्याला वाटे, की हातांनी लोंबकळलं तर पाय जमिनीला टेकतील. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एका जुन्या लेथसमोर तो उभा राहिला आणि त्याला त्यात काहीच उलगडेना. काचेचं झाकण काढून त्याला ते यंत्र चाचपू दिलं, आणि मग डोळे उघडून तो म्हणाला की आता मला हे दिसतंय.

त्याच्या गोष्टीचा शेवट दुःखाचा आहे, आणि तो गाळून ही गोष्ट सांगणं मला योग्य वाटत नाही. आंधळा असताना हा माणूस काठी टेकत बेधडक रस्ता ओलांडत असे. डोळस झाल्यावर वाहनांना बघून त्याचे पाय लटपटू लागले. संध्याकाळी दिवा न लावता तो अंधारात बसून राही. दीडेक वर्षात, १९६० मध्ये, तो वारला. पन्नास वर्षं त्यानं स्पर्शाच्या आधारे एक भरभक्कम जग उभारलं होतं. डोळ्यांनी त्याला दुसरं, कच्चं जग दिलं आणि पहिल्यावरचा विश्वास काढून घेतला.

मॉलिन्यूच्या प्रश्नाचं पद्धतशीर उत्तर अखेर मिळालं ते दिल्लीत. त्याआधी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एक डोळा बंद ठेवला तर पुढे तो धडधाकट असूनही मेंदू त्याची दखल घेत नाही. मोठ्या मांजरीच्या बाबतीत असं होत नाही. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. पण त्याचा एक अर्थ व्यवहारात फार कठोरपणे लावला गेला: जन्मतः मोतीबिंदू असलेलं मूल सात-आठ वर्षांचं झालं की वेळ निघून गेली, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. ज्या देशात गरिबाच्या घरातलं असं मूल डॉक्टरपर्यंत पोचतच उशिरा, त्या देशात या वाक्यानं किती मुलांना दारातून परत पाठवलं असेल, या विचारानं अजूनही माझ्या पोटात कालवतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मेंदूचा अभ्यास करणारे पवन सिन्हा यांनी २००५ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांतून अशी मुलं शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर उपचार करायचे, आणि त्यांच्या संमतीनं त्यांचं दिसणं कसकसं घडत जातं हेही टिपायचं. २०११ मध्ये या गटानं आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार होते. हातानं चाचपलेला आकार पुन्हा हातानंच ओळखायचा, तर उत्तरं ९८ टक्के बरोबर. पाहिलेला आकार पुन्हा पाहून ओळखायचा, तर ९२ टक्के. पण हातानं चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायचा म्हटल्यावर बरोबर उत्तरं ५८ टक्क्यांवर आली. छापा-काटा केला असता तरी ५० मिळाले असते. लॉक बरोबर होता. गंमत पुढे आहे. काही दिवसांनी हीच चाचणी घेतल्यावर ही मुलं हात आणि डोळा यांची सांगड सहज घालू लागली होती, तीही कुणी मुद्दाम न शिकवता.

याच प्रकल्पातल्या एकोणतीस वर्षांच्या एका माणसाच्या निरीक्षणानं माझं स्वतःचं बघणं बदललं. एकमेकांवर पडलेला गोल आणि चौकोन त्याला दाखवला तर तो दोन आकृत्या सांगत नसे. रेघांनी वेढलेला प्रत्येक तुकडा त्याला वेगळी वस्तू वाटे. उजेड-सावलीची कड आली की तिथं त्याची वस्तू संपे. विचार करा, झाडाखाली उभ्या असलेल्या गाईच्या अंगावर कवडसे पडलेत आणि प्रत्येक कवडसा म्हणजे एक निराळी वस्तू! मात्र आकृती हलवली की गोंधळ मिटे. जे एकत्र हलतं ते एक, एवढा एक धागा त्याला पुरे झाला. वर्ष-दीड वर्षानं अशा रुग्णांना स्थिर चित्रांतल्या वस्तूही वेगळ्या करता येऊ लागल्या. आपणही कधीतरी पाळण्यात पडून, हलणाऱ्या चिमण्या-बाहुल्यांकडे बघत हेच शिकलो असणार, आणि शिकल्याची काहीही आठवण आपल्याकडे नाही. या मुलांची नजर पुढेही आपल्याइतकी तीक्ष्ण होत नाही, हे खरं. पण वेळ निघून गेली हे वाक्य खोटं ठरलं.

म्हणून ‘सगळं अनुभवानं येतं’ असा निकाल देऊन टाकावासा वाटतो. मीही या पुस्तकाचा पहिला खर्डा याच थाटात लिहिला होता. तो मला मोडावा लागला तो २०१५ च्या एका निष्कर्षामुळे. टोकांना आत किंवा बाहेर वळलेले बाण लावले की सारख्या लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात, हा दृष्टिभ्रम प्रसिद्ध आहे. चौकोनी खोल्या, सरळ रस्ते बघून बघून अंतराची सवय लागते आणि त्या सवयीतून हा भ्रम होतो, असं समजलं जाई. सिन्हांच्या गटानं हा आणि रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या रेघांचा भ्रम नऊ मुलांना दृष्टी आल्या-आल्या दाखवला. ज्यांनी आजवर एकही खोली पाहिली नव्हती त्यांनाही आपल्यासारखाच भ्रम झाला. म्हणजे मनानं लावलेले काही नियम आधीपासून तयार असतात आणि काही मागून कमावलेले असतात. सीमारेषा नेमकी कुठं, ते एकेका बाबतीत तपासूनच सांगावं लागतं. या पुस्तकाची बहुतेक पानं त्या सीमेवरून चालतात.

कानाच्या बाबतीत कमाईला उलटी बाजूही आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ही ओळख पुसट होते, कारण आजूबाजूच्या बोलण्यात त्या फरकाचं काही काम नसतं. परदेशात वाढलेल्या नातवाला ‘ताट’ म्हणायला शिकवताना जी आजी थकते, तिनं हे जाणावं की अडचण जिभेइतकीच कानाचीही आहे. तिला लख्ख वेगळे ऐकू येणारे दोन आवाज त्याच्या कानावर एकच होऊन पडत असतात.

आपलं स्वतःचं ऐकणंही एकट्या कानाचं नसतं. १९७६ मध्ये हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी आवाज ‘बा’चा ठेवला आणि पडद्यावरच्या चेहऱ्याचे ओठ ‘गा’ म्हणताना दाखवले. बघणाऱ्या बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आलं. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. आपली वर्णमाला ज्यानं पाठ केली आहे त्याला यातली खुबी चटकन दिसेल. ‘ग’ कंठातला, ‘ब’ ओठांचा, आणि मनानं निवडलेला ‘द’ दोघांच्या मधल्या जागेवरचा. कानाची साक्ष आणि डोळ्याची साक्ष जुळेना, तेव्हा मनानं दोन्हींना त्यातल्या त्यात पटेल असा आवाज ऐकवला. इतकं लांब जायचं नसेल तर हे वाक्य मोठ्यानं वाचा: हे जग सोडून कुठं जगणार? दोन्ही ठिकाणी ‘ज’ एकच छापला आहे आणि तुम्ही तो दोन तऱ्हांनी उच्चारला. दुसऱ्या ‘ज’वर नजर पडली तेव्हा अर्थ आधीच तिथं पोचला होता.

आपल्याकडच्या दर्शनकारांनी या प्रश्नाशी जी झुंज दिली, तिला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ‘हे सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं’ असा दावा मी केलेला नाही. त्यांनी मेंदू तपासला नव्हता आणि त्यांचा प्रश्नही वेगळा होता, खरं ज्ञान कशाला म्हणावं हा. पण त्यांची बारीक नजर अचंबित करते. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाच्या मते शुद्ध प्रत्यक्षात नाव, जात, कल्पना यांचा स्पर्श नसतो. ते मन मागून चिकटवतं. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याला विरोध केला, आणि नावागावासकट होणारं ज्ञानही प्रत्यक्षच, असं धरून प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार सांगितले. लांबून चंदनाचं खोड पाहताच ते सुगंधी ‘दिसतं’, हे त्यांचं उदाहरण मला फार आवडतं. गंध नाकापर्यंत पोचलेला नसतो. आधीचं ज्ञानच इंद्रियाचं काम करतं. दोरीच्या जागी साप दिसतो तो कुठून येतो, यावर तर शतकानुशतकं खल झाला. साप दुसरीकडे कधीतरी पाहिलेला खरा असतो, फक्त भलत्या जागी दिसतो, हे न्यायाचं उत्तर आणि हेल्महोल्ट्झचं नकळत केलेलं अनुमान शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

वास आणि चव यांवरची प्रकरणं छोटी आहेत. सर्दीत तोंडाची चव जाते असं आपण म्हणतो तेव्हा गेलेला असतो तो वास, एवढं इथं पुरे. वेदनेचं प्रकरण सर्वांत मोठं झालं आहे, कारण कापून टाकलेला हात दुखतो असं सांगणाऱ्या माणसाला आपण अजूनही नीट ऐकून घेत नाही. पाठ्यपुस्तकातले ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ हे शब्द मी जिथं टाळता येत नाहीत तिथंच वापरले आहेत. पाहणं आणि दिसणं ही घरातली जोडी मला शेवटपर्यंत पुरली.

पहिल्या प्रकरणाला लागण्याआधी एक रेघांची वही आणि पेन्सिल घ्यावी. एका रेघेवर डावीकडे छोटी फुली काढावी आणि त्याच रेघेवर उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणावी. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथं प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही, आणि ठिपका नेमका त्या जागी पडलेला असतो. एद्म मारिओत या फ्रेंच अभ्यासकानं ही जागा सतराव्या शतकात शोधली. वही आणखी जवळ आणण्याआधी क्षणभर थांबून, नजर फुलीवरच ठेवून, ठिपका होता तिथं आता काय आहे याकडे लक्ष द्यावं. तिथं भोक नसतं, काळोख नसतो. वहीची रेघ तिथून सलग पुढे गेलेली दिसते.